रात्रपाळीचा भत्ता आणि आजीची तिन्हीसांज



गेले दोन वीकांत इथे काही लिहिलं नाही. कारण झोप. म्हणजे झोप येत होती म्हणून नाही, तर झोपेबद्दल वाचत बसलो होतो म्हणून. तेही रात्री दोन वाजता, झोप किती महत्त्वाची असते याबद्दल. :) असो.

झालं असं की मागच्या महिन्यात मॅनेजरचा फोन आला. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा नवा क्लायंट मिळालाय, सपोर्टची टीम उभी करायची आहे, लीड म्हणून तुझं नाव पुढे करतोय. मी मनातल्या मनात पेढे वाटले. मग साहेब हळूच म्हणाले, "वेळ जरा वेगळी आहे. रात्री साडेनऊ ते सकाळी साडेसहा. कायमची. पण घरूनच करायचंय, नाशिक सोडायला नको. आणि नाइट अलाउन्स आहेच." तिकडे नोव्हेंबरात घड्याळं बदलली की तो साडेनऊचा साडेदहा होणार, हे त्यांनी सांगितलं नाही, पण एवढं गणित आपल्याला येतं.

मी हिशेब केला. नाइट अलाउन्समध्ये पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटचा जवळजवळ अर्धा हप्ता निघत होता. रात्री जेवताना घरी सांगितलं. आई म्हणाली, "घरीच तर असणार ना? मग झालं." बाबा काहीच बोलले नाहीत. ताटातली भाकरी संपवली, हात धुतले आणि मग एवढंच विचारलं, "किती वर्षं?"

हा प्रश्न मला सुचलाच नव्हता.

बाबांनी सातपूरच्या एका कंपनीत बत्तीस वर्षं काढली. तिन्ही पाळ्या. एक आठवडा फर्स्ट, मग थर्ड, मग सेकंड, पुन्हा फर्स्ट. आमच्या लहानपणी घराचं वेळापत्रक शाळेवर नाही, बाबांच्या पाळीवर चालायचं. थर्डचा आठवडा असला की दुपारी टीव्हीचा आवाज बंद, कुकरची शिट्टी बंद, आणि बेल वाजवणाऱ्या मित्राला जिन्यातच गाठायचं. त्यांना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. अजूनही आठवड्यातून तीन-चार वेळा ते रात्री अडीचला उठतात, स्वयंपाकघरात जाऊन चहा करतात आणि खिडकीशी बसून पितात. आम्ही त्याला 'थर्ड शिफ्टचा चहा' म्हणतो. आजवर विनोद म्हणूनच म्हणायचो.

घरात आणखी एक व्यक्ती आहे, आजी. वय ८४. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी अल्झायमर सांगितला. दिवसभर ती तशी शांत असते. पण तिन्हीसांज झाली की बेचैन होते. पदर खोचते, दाराकडे जाते आणि म्हणते, "गुरं बांधायची राहिलीत, मला जाऊ द्या." निफाड तालुक्यातलं घर आणि गोठा सुटून तीस वर्षं झाली. आमच्या सोसायटीत फक्त पार्किंग आहे. या संध्याकाळच्या तगमगीला डॉक्टरी भाषेत 'सनडाउनिंग' म्हणतात, हे मला मागच्या वर्षी कळलं. सूर्य मावळण्याशी या आजाराचा काय संबंध, असं तेव्हा वाटलं होतं आणि मी विसरून गेलो होतो. बाबांच्या 'किती वर्षं?' नंतर ते आठवलं. मग वाचायला लागलो.

तर मंडळी, आधी घड्याळाबद्दल.

१७२९ साली द मेरान नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूच्या जातीचं एक रोपटं अंधारात ठेवून दिलं. उजेड दिसत नसतानाही ते दिवसा पानं उघडत होतं आणि रात्री मिटत होतं. म्हणजे वेळ त्याला बाहेरून कळत नव्हती, आतूनच कळत होती. आपल्यातही तसंच आहे. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या जरा वर, सुमारे २० हजार पेशींचा एक ठिपका आहे. त्याचं नाव सुप्राकायझमॅटिक न्यूक्लिअस. (इंटरव्ह्यूमध्ये विचारलं तर सांगता यावं म्हणून पाठ केलंय.) हा झाला मास्टर क्लॉक. शिवाय शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत स्वतःचं छोटं घड्याळ असतं, ते वेगळंच. पेशीतलं हे घड्याळ जनुकांच्या पातळीवर कसं चालतं, ते माशांवर प्रयोग करून शोधणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं. (पाण्यातले मासे नव्हेत, केळ्यावर घोंगावतात त्या माश्या!)

आमच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक सर्व्हरला स्वतःची वेळ असते, पण ती थोडी थोडी सरकत जाते, म्हणून मधूनमधून एका भरवशाच्या टाइम सर्व्हरशी जुळवून घ्यावी लागते. माणसाचं आतलं घड्याळ २४ तासांपेक्षा सरासरी दहा-बारा मिनिटांनी मोठं असतं. म्हणजे ते रोज थोडं मागे पडणार. ते रोज जुळवायचं काम करतो सूर्यप्रकाश, मुख्यतः सकाळचा. डोळ्यात यासाठी खास पेशी असतात, त्यांचा शोध अलीकडचा, २००२ च्या सुमाराचा. त्या चित्र बघण्यासाठी नाहीत, उजेड किती आहे हे मोजण्यासाठी आहेत. निळसर उजेडाला त्या जास्त प्रतिसाद देतात. म्हणून रात्री एक वाजता तोंडासमोर धरलेला मोबाइल त्यांना सांगतो, की अजून दिवस आहे.

यातून बाबांच्या पाळ्यांबद्दल दोन गोष्टी कळल्या. एक, हे घड्याळ दिवसाला साधारण तासाभराहून जास्त सरकत नाही. म्हणजे थर्ड शिफ्टशी जुळवून घ्यायला ते निघालं, की निम्म्या वाटेत आठवडा संपतो आणि पाळी बदलते. त्यातून थर्ड करून घरी येताना लख्ख ऊन डोळ्यात जातं, ते घड्याळाला उलट दिशेला ओढतं. दोन, आतलं घड्याळ मुळात थोडं मोठं असल्यामुळे त्याला पुढे ढकलणं सोपं जातं, मागे ओढणं जड. म्हणून सकाळ, मग दुपार, मग रात्र असा पाळ्यांचा क्रम त्यातल्या त्यात बरा. बाबांची कंपनी फर्स्ट, थर्ड, सेकंड असं उलटं फिरवायची. बत्तीस वर्षं. कुणी मुद्दाम केलं असेल असं नाही. तक्ता बनवणाऱ्याला तसा सोपा वाटला असेल, इतकंच.

आता मेंदूकडे वळू.

आपण सगळे रात्री दोन ते चार मेंटेनन्स विंडो ठेवतो. त्या वेळात बॅकअप, लॉग साफ करणं, इंडेक्स पुन्हा बांधणं. ती विंडो एखाद्या दिवशी चुकली तर काही बिघडत नाही. महिनोन्महिने चुकली की एक दिवस डिस्क भरते आणि सगळे विचारतात, अरे असं अचानक कसं झालं?

मेंदू दिवसभर काम करतो तेव्हा चेतापेशींतून अमायलॉइड बीटा नावाचं प्रथिन बाहेर पडत असतं. हेच प्रथिन अल्झायमरमध्ये पेशींच्या मध्ये साचून गुठळ्या होतात. २००९ साली अमेरिकेत असं दिसलं, की उंदीर जागा असताना त्याच्या मेंदूत हे प्रथिन वाढतं आणि झोपला की कमी होतं. २०१३ मध्ये रोचेस्टरच्या मायकेन नेडरगार्ड यांच्या गटाने दाखवलं, की उंदीर झोपला की त्याच्या मेंदूतल्या पेशींमधली मोकळी जागा सुमारे ६० टक्क्यांनी वाढते, आणि त्यातून द्रव वाहून कचरा धुतला जातो. २०१८ मध्ये तर माणसांवरच पाहिलं गेलं. २० निरोगी माणसांना एक रात्र जागवलं आणि स्कॅन काढला. सुमारे ५ टक्के जास्त अमायलॉइड. एका रात्रीत!

हे वाचून मी घाबरलो, हे कबूल करतो. मला आठवले ते सगळे रिलीज, ती इंजिनीअरिंगची सबमिशन्स, आणि पहाटे चारला सीबीएसवर पोहे खाऊन सरळ परीक्षेला गेलेला मी.

पण इथेच थांबलो असतो तर हा लेख व्हॉट्सॲप फॉरवर्ड झाला असता. पुढचंही सांगितलं पाहिजे. एका रात्रीचं ते ५ टक्के पुढे नीट झोपल्यावर उतरत नाही, असं त्या प्रयोगाने म्हटलेलं नाही. आणि झोपेत मेंदू 'धुतला' जातो या चित्रालाही आव्हान मिळालंय. २०२४ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या गटाने उंदरांवर वेगळ्या पद्धतीने मोजलं, तर झोपेत सफाई वाढण्याऐवजी कमी झालेली दिसली. भांडण अजून मिटलेलं नाही. झोप आणि अमायलॉइडचा संबंध आहे याला पुरावा बराच आहे, पण नळ नेमका कुठून कुठे जोडलाय त्याचा नकाशा अजून कच्चा आहे. 'आठ तास झोपा आणि मेंदू धुऊन घ्या' असं सांगत गादी किंवा गोळ्या विकणारा भेटला तर त्याला हे जरूर विचारा.

उंदीर सोडून माणसांची वर्षानुवर्षांची नोंद बघितली तर? ब्रिटनमध्ये सरकारी नोकरांचा एक जुना अभ्यास आहे, व्हाइटहॉल. त्यातल्या जवळपास आठ हजार लोकांचा २५ वर्षांचा तपशील २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. पन्नाशीत, साठीत आणि सत्तरीत सतत सहा तास किंवा कमी झोपणाऱ्यांमध्ये, सात तास झोपणाऱ्यांच्या तुलनेत, डिमेन्शियाचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी जास्त निघाला. लक्षात घ्या, शंभरातल्या तीस जणांना होतो असा याचा अर्थ नाही. मुळात जेवढा धोका होता, तो तेवढ्याने वाढला.

दुसरा अभ्यास फ्रान्समधला, आणि हा मी बाबांना दाखवला नाही. दक्षिण फ्रान्समधल्या तीन हजारांवर कामगारांची स्मरणशक्ती आणि विचारांचा वेग दहा वर्षांत तीनदा तपासला गेला. २०१५ च्या सुमारास निष्कर्ष आले. दहा वर्षांहून जास्त काळ फिरत्या पाळ्या केलेल्यांचा मेंदू चाचण्यांत साडेसहा वर्षांनी जास्त म्हातारा भरला. पाळ्या सोडल्यावर सुधारणा दिसते, पण त्याला किमान पाच वर्षं लागतात. बाबांना निवृत्त होऊन सहा झालीत. मी हे गणित एकदा केलं, पुन्हा केलं, आणि लॅपटॉप बंद केला.

आता या सगळ्याला छेद देणारी गोष्ट. माझी आजी.

आजी आयुष्यभर उन्हाच्या वेळापत्रकावर जगली. अंधार पडला की जेवणं, नऊला गाव गप्प, कोंबड्याच्या आधी उठणं, दिवसभर शेतात. लवकर निजण्याची आणि लवकर उठण्याची जी शिकवण आपल्याला शाळेत मिळाली, ती आजीने शाळेत न शिकता पाळली. तिच्या घड्याळाला नाव ठेवायला जागा नाही. अल्झायमर तिला झाला. आणि ज्यांच्या घड्याळाची बत्तीस वर्षं वाट लागली, ते बाबा आज ६६ व्या वर्षी सुडोकू मला हरवून सोडवतात. आमच्या घरापुरती आकडेवारी घेतली तर रात्रपाळी तब्येतीला उत्तम, असा निष्कर्ष निघेल. :)

म्हणून एका घरावरून निष्कर्ष काढायचे नसतात, ना या बाजूने ना त्या बाजूने. डिमेन्शियाच्या टाळता येण्याजोग्या कारणांची एक यादी लॅन्सेटच्या आयोगाने २०२४ मध्ये काढली आहे. त्यात १४ कारणं आहेत. शिक्षण कमी, ऐकू कमी येणं, उच्च रक्तदाब, मधुमेह, नजर अधू होणं, एकटेपणा, वगैरे. आजीकडे त्यातली तीन-चार तरी होती. दुसरीनंतर शाळा सुटली, ऐकू यायचं बंद झालं तरी दहा वर्षं मशीन घेतलं नाही, ब्लडप्रेशरची गोळी 'बरं वाटतंय' म्हणून बंद. आणि गंमत म्हणजे त्या चौदांत झोप नाही. कारण कोंबडी आधी की अंडं, हे सुटलेलं नाही. अल्झायमरची मेंदूतली सुरुवात लक्षणं दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षं आधी होते. तेव्हा झोप बिघडली म्हणून आजार आला, की आजार आतून सुरू झाला म्हणून झोप बिघडली, हे वेगळं काढणं अवघड आहे. बहुधा दोन्ही खरं असावं आणि एकाने दुसऱ्याला खतपाणी घातलं जात असावं.

उलट्या दिशेचं एक उदाहरण तर पक्कं आहे, आणि ते प्रत्येकाने घरी सांगावं असं आहे. स्वप्न पडत असताना आपले स्नायू सैल पडलेले असतात, म्हणून स्वप्नात पळालो तरी पाय हलत नाहीत. काही जणांमध्ये, बहुतेक पन्नाशीनंतर, हा ब्रेक निकामी होतो. ते झोपेत लाथा मारतात, ओरडतात, शेजारच्याला गुद्दे घालतात. हा विकार १९८६ मध्ये पहिल्यांदा नीट नोंदवला गेला. २०१९ मध्ये बऱ्याच देशांतल्या रुग्णांची एकत्र नोंद आली, तेव्हा असा विकार तपासणीत सिद्ध झालेल्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश लोकांना बारा वर्षांच्या आत पार्किन्सन्स किंवा त्याच्या कुळातला आजार झालेला होता. तेव्हा घरातले काका झोपेत 'मारामारी' करत असतील तर त्यावर विनोद करून सोडून देऊ नका. मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. जोरात घोरताना मध्येच श्वास अडकत असेल तर तेही दाखवा. त्याला उपचार आहेत.

बरं, मग मुद्दा काय? माझा मुद्दा विज्ञानाचा नाही, हिशेबाचा आहे.

झोपेबद्दल आपल्याकडे जे काही बोललं जातं ते सगळं शिस्तीच्या भाषेत. लवकर झोप, मोबाइल बाजूला ठेव, ब्राह्म मुहूर्तावर ऊठ, नाहीतर हे ॲप घे, ते घड्याळ मनगटावर बांध. जणू झोपेची वेळ आपण ठरवतो. जरा बघा बरं कोण ठरवतं ते. बाबांची झोप तक्ता बनवणारा ठरवायचा. माझी झोप कॅलिफोर्नियातला सूर्य ठरवणार. आमच्या सोसायटीच्या वॉचमनकाकांची बारा तासांची रात्र एजन्सी ठरवते. सिव्हिलमधल्या सिस्टर, एसटीचे ड्रायव्हर, पंचवटी एक्स्प्रेस गाठण्यासाठी साडेपाचला घर सोडणारे पासवाले, यांना कुणी 'झोपेची शिस्त' शिकवायला जाऊ नये. त्यांनी उलट दोन गोष्टी सुनावल्या तर त्यांची चूक नाही.

फार कशाला, घड्याळ तरी आपलं कुठे आहे? भारतीय प्रमाणवेळ ठरते ८२.५ अंश रेखांशावरून, म्हणजे पार अलाहाबादच्या बाजूने. नाशिक ७३.८ अंशाच्या आसपास. दर अंशाला चार मिनिटं धरली तर आपला सूर्य घड्याळाच्या ३५ मिनिटं मागे. गोदाघाटावर खरी दुपार होते ती साधारण बारा पस्तीसला. प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली तेव्हा मुंबईने ती सहजासहजी मानली नाही. ३९ मिनिटं मागे चालणारा 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत टिकून होता. आता त्या पस्तीस मिनिटांचं काय मोठंसं, असं वाटेल. पण डिसेंबर-जानेवारीत नाशिकला सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, आणि सातच्या शाळेसाठी पोरं सव्वासहाला अंधारात बसची वाट बघत उभी असतात. मौलिक जगनानी या अर्थशास्त्रज्ञाने भारतातलीच आकडेवारी तपासली तेव्हा असं दिसलं, की सूर्यास्त तासभर उशिरा होत असेल तिथे मुलांची झोप अर्ध्या तासाने कमी होते. कारण झोपायची वेळ सूर्य ठरवतो आणि उठायची वेळ शाळेची घंटा.

आणि हे बदलता येतं बरं का. डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या झोपेचा विषय काढला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने निर्णय काढला, की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. बसवाल्यांनी कुरकुर केली, पालकांनी ऑफिसच्या वेळेचं रडगाणं गायलं. ते सगळं खरं. पण महाराष्ट्रात झोपेसाठी घड्याळ हलवायची गोष्ट सरकारी कागदावर आली. चौथीच्या पोराला जो हक्क मिळाला, तो त्याच्या बापाला कधी मिळणार? २०१७ मध्ये राज्याने दुकानं आणि ऑफिसं चोवीस तास चालवायला कायद्याने मोकळीक दिली. रोजगार वाढेल, म्हणून स्वागत झालं. मीही केलं असतं. पण रात्री काम करणाऱ्याच्या पाळ्या कुठल्या क्रमाने फिरतात, सलग किती रात्री होतात, हा प्रश्न त्या स्वागताच्या गर्दीत कुणी विचारलेला मला तरी आठवत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००७ मध्ये रात्रपाळीला 'कर्करोगाचं संभाव्य कारण' या यादीत टाकलं आणि २०१९ मध्ये पुन्हा तपासून तिथेच ठेवलं. म्हणजे मेंदूचं बाजूला ठेवलं तरी रात्रपाळी फुकट नाही, हे जगाला माहीत आहे. नाइट अलाउन्स ही त्याचीच किंमत. पण ती किंमत आज मिळते, खर्च निघतो तीस वर्षांनी, आणि तोपर्यंत कंपनीच्या वहीतून आपलं नाव गेलेलं असतं. हा खर्च कुणाच्या पुस्तकात लिहिलेला नाही. कंपनीच्या नाही, क्लायंटच्या नाही. तो येऊन पडतो घरच्यांवर. आजीला संध्याकाळी धरून बसणाऱ्या माझ्या आईवर. भारतात साठीवरच्या लोकांपैकी अंदाजे ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं डिमेन्शियाने ग्रासलेली आहेत, असा २०२३ चा अंदाज आहे. त्या प्रत्येकामागे अशी एक आई, बायको किंवा सून आहे. रात्रपाळीमुळे त्यात किती भर पडते हे कुणी मोजलेलं मी पाहिलेलं नाही. पण धोका अर्धवट माहीत असेल तर सावधगिरीचा खर्च कुणी करायचा? आपल्याकडे उत्तर ठरलेलं आहे, ज्याचा मेंदू त्याने.

तर मी काय केलं ते सांगतो, आणि त्यात फुशारकी मारण्यासारखं फार काही नाही.

मी मॅनेजरना एक मेल लिहिली. दुपारी साडेतीन ते रात्री साडेबारा करतो, म्हणजे क्लायंटच्या सकाळचे तीन तास मिळतात. साडेबारानंतरचं काम तिकडच्या माणसाकडे द्या. खरंच आग लागली तर सहा जणांत आठवड्याची पाळी लावू, आणि ज्याची रात्र मोडली त्याने दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फोन बंद ठेवायचा. साहेबांनी चार दिवसांनी उत्तर दिलं. तीन महिने प्रयोग म्हणून मान्य. फक्त लीडचं पद आमच्याच टीममधल्या एका मुलाला दिलं, तो पूर्ण रात्र करायला तयार झाला. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. मी त्याला फोन करून यातलं थोडंफार सांगितलं. तो हसून म्हणाला, "दादा, अजून वय आहे हो. चाळिशीत बघू."

त्याच्या घरी बहिणीचं लग्न आहे, हे मला माहीत आहे. म्हणून मी पुढे काही बोललो नाही. पण माझी झोप वाचली ती कुणाचीतरी झोप विकली गेली म्हणून, हे काही डोक्यातून जात नाही. म्हणूनच म्हणतो, हे एकट्यादुकट्याने नाही म्हणण्याचं काम नाही. पाळ्यांचा तक्ता टाकला जातो त्या मीटिंगमध्ये आपण सगळे असतो. तिथे सलग रात्री किती, क्रम कुठला, मधली सुट्टी किती, हे तीन प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत. तुमच्यातले काही जण आता स्वतः तक्ते बनवायला लागले असाल. तुमच्याकडे तर विशेष लक्ष आहे. :)

घरापुरता एक बदल केलाय. हॉलंडमध्ये काही वृद्धाश्रमांत दिवसभर भरपूर उजेडाचे दिवे लावून पाहिलं होतं, २००८ चा अभ्यास. डिमेन्शिया बरा झाला नाही, पण घसरण थोडी हळू झाली आणि उदासी कमी झाली. घरातल्या ट्यूबलाइटचा उजेड फार तर दोन-तीनशे लक्स, आणि ढगाळ दिवशीसुद्धा बाहेर काही हजार असतो. म्हणून आता सकाळी आठला मी आजीला खाली घेऊन जातो. पार्किंगच्या कडेला ऊन येतं तिथे खुर्ची टाकतो. माझा चहा, तिचं दूध, अर्धा तास. संध्याकाळी पाचलाच घरातले सगळे दिवे लावतो, म्हणजे तिन्हीसांजेचा अंधार एकदम अंगावर येत नाही. गुरं बांधायला ती अजूनही उठते. पण पूर्वी रोज उठायची, आता आठवड्यातून दोन-तीनदा. उन्हामुळे, दिव्यांमुळे, की मी शेजारी बसतो म्हणून, सांगता येत नाही.

परवा सकाळी बाबाही खाली आले. आजीच्या शेजारी खुर्ची ओढून उन्हाकडे तोंड करून बसले. मी विचारलं, रात्री चहा झाला का? म्हणाले, "झाला. पण साडेतीनला." म्हणजे बत्तीस वर्षांचं घड्याळ तासभर सरकलं म्हणायचं.

असो. रविवार आहे, मिसळ खायला जायचंय. तीही सकाळच्या उन्हात. तूर्तास इतकंच.

आपला,
(दिवसाउजेडी दिसू लागलेला) एक नाशिककर